हौसाच्या बांधावरची झडप

मी एक जुनी झडप आहे. दाराची नव्हे, खिडकीचीही नव्हे; उघाडीची. तुमच्यातले जे खाडीकाठचे नाहीत त्यांना हे आधी समजावून सांगायला हवं. खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा बांध असतो. शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून त्या बांधात एक मोरी ठेवतात, तिला उघाडी म्हणतात. तिच्या खाडीकडच्या तोंडावर मी टांगलेली असे. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी मला ढकलून बाहेर पडायचं आणि भरतीला खारं पाणी मलाच दाबून बंद करायचं. गोडं जाऊ द्यायचं, खारं येऊ द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी. ती मी साठ वर्षं केली.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. छत्री रडते, फळा उसासे टाकतो, फाटकं पुस्तक सगळ्यांना क्षमा करतं. मी त्यातली नाही. माझ्या लाकडात माणसाचं रक्त मुरलंय आणि त्याचा राग मला अजून आहे.

माझा जन्म रोह्याचा. तिथल्या एका सुताराने सागाच्या तीन जाड फळ्या जोडून मला घडवलं, वर दोन लोखंडी बिजागऱ्या ठोकल्या आणि पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "हिला पन्नास वर्षं मरण नाय." बैलगाडीने मी नागोठण्याला आले, तिथून होडीत बसून अंबा नदीने खाली खाडीत. कासूच्या पश्चिमेला खाडीला चिकटून आडखार नावाचं गाव आहे, तिथल्या बांधावर मला उतरवलं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

त्या वर्षी आडखारच्या बांधाला मोठी खांड पडली होती. खांड म्हणजे भगदाड. भरती आली की खारं पाणी आत घुसून भाताची रोपं जाळायचं. सगळं गाव ओळीने उभं राहून हातोहात चिखलाच्या ढेपा पुढे देत होतं. बाया खांडीच्या तळाशी उभ्या होत्या, पुरुष वरून माती लोटत होते. मला अजून बसवायची होती, म्हणून मी काठावर पडून होते आणि माझ्यावर सहा वर्षांची एक पोर उभी होती. तिचं नाव पुतळी. तिची आई हौसा खाली तळाला होती.

ओहोटी संपून पाणी वळलं आणि त्याच वेळी ओला बांध एका बाजूने घसरला. बाकीच्या बाया उड्या मारून निघाल्या. हौसा छातीपर्यंत गाडली गेली. तिने ओरडून हात वर केला. दोघे जण खाली उतरायला धावले. तेव्हा गावचा पुढारी बाबाजी ओरडला, "थांबू नका! भरती आली! टाका माती!" दोघे थांबले. एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने ढेप टाकली, ती बघून दुसऱ्याने टाकली. हौसाचा हात बराच वेळ हलत होता. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी माती टाकली. बांध टिकला.

तिसऱ्या दिवशी बाबाजीने सांगितलं की, हौसा गेली त्याच्या आदल्या रात्री देवी स्वप्नात आली होती, तिने बाई मागितली होती आणि हौसा आपल्या पायाने खांडीत उतरली. ज्यांनी माती टाकली होती त्या सगळ्यांना हे ताबडतोब पटलं. महिन्याभरात त्यावर गाणं झालं:

आई मागते गो जिती काया,
हौसा उतरली बांध राखाया.

मला त्याच जागी टांगलं. बांधाचं नाव पडलं हौसाचा बांध. पोरक्या पुतळीला गावाने आळीपाळीने जेवायला घातलं, चांगल्या घरात दिली, जत्रेतला पहिला नारळ तिच्या हातून वाढवायचा असं ठरवलं. ते गाणं तर ती लहानपणापासूनच गाऊ लागली. गळा गोड होता. ऐकणारे डोळे पुसायचे. मी मात्र भरतीचा मार खात कुरकुरायचे. लोकांना वाटे, बिजागरीला तेल हवंय.

हौसामुळे एक रिवाज मात्र सुरू झाला. बांधाला खांड पडली की ती बुजवण्याआधी तांदळाच्या पिठाची बाहुली तिच्यात सोडायची. देवीला बाईच्या बदली बाहुली. तिला लहान पोरीचा झगा घालायचा आणि तो झगा मागून आणायचा नाही, वाळत घातलेला गुपचूप उचलायचा. उचलणाऱ्या बाईने बाहुली पाण्यात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर खांड पुन्हा फुटते आणि खांडीत उभं असलेलं माणूस घेऊन जाते, असं सांगत. पूर्वी दोरीवरचा झगा नाहीसा झाला की घरधनीण हसायची आणि संध्याकाळी प्रसादाची वाट बघायची. मग बांधाचं काम सरकारकडे गेलं, खांडी कमी झाल्या आणि तीसेक वर्षांत रिवाज विसरला गेला. तो ठाऊक असलेली एकटी पुतळी उरली.

माझ्या उजव्या कडेला एक खोल खाच आहे. तीही सांगून टाकते. एकदा नागोठण्याला पूर आला तेव्हा इथेही पाणी तुंबलं. दोन सख्खे भाऊ माझ्यावरून भांडले. एकाला मी उघडी हवी होते, दुसऱ्याला बंद. धाकट्याने कोयता घातला. मोठ्याची तीन बोटं तुटून ओहोटीबरोबर खाडीत गेली आणि उरलेला घाव माझ्यात बसला. पुढे दोघे मेले, पण बोलले नाहीत.

लोखंडी झडप आल्यावर मला काढून बांधावर आडवी टाकली. निवृत्तीचं म्हणाल तर बरं चाललं होतं. पुतळी आता ब्याऐंशी वर्षांची. काठी टेकत यायची आणि माझ्यावर बसायची. तिची नात नमिता पेणच्या कॉलेजात मराठी शिकते. मागच्या उन्हाळ्यात ती फोनवर आजीचं गाणं उतरवून घेत होती.

"आजी, ही गोष्ट आपलीच नाय गो," नमिता म्हणाली. "सगळ्या जगात हाय. कुठं देऊळ, कुठं पूल, कुठं किल्ला, कुठं तळं. बांधलेलं टिकत नाय, मग कुणाला तरी स्वप्न पडतं, नि एका बाईला आत चिणतात. सर याला कथाबीज म्हणतात. भावाभावाचं वैर, हरवलेलं पोर, न बोलण्याचा पण, ही सगळी अशीच बीजं. देश बदलतो, गोष्ट तीच."

"बाईलाच चिनतात?" पुतळीने विचारलं.

"बहुतेक बाईलाच. तीपन कुनाची तरी धाकटी सून. पाटलाला मागणारी देवी मना अजून सापडली नाय."

नमिता हसली. पुतळी हसली नाही. "बंद कर तो फोन," म्हणाली, आणि त्या दिवशी गाणं अर्ध्यावरच राहिलं.

ऑगस्टातल्या अमावास्येच्या उधाणाने हौसाचा बांध फोडला. माझ्यापासून शंभर पावलांवर नुकत्याच लावणी झालेल्या शेतात खारं पाणी शिरलं. दोन दिवसांनी ठेकेदाराचं पोकलेन आलं. ते चालवणारा आदर्श हिंगोलीकडचा. त्याच्याबरोबर त्याची बायको शांती होती. दोघांनी बांधाखाली पत्र्याची झोपडी टाकली. शांती माझ्यावर बसून भाकरीचं पीठ मळायची. चोवीस-पंचवीसची असेल, हसरी. पुतळी येऊन बसली की आपण होऊन तिचे गुडघे चेपायची. "माझी मायबी असंच म्हणायची, गुडघे गेले गुडघे गेले," असं म्हणायची.

तिसऱ्या दिवशी पोकलेन खांडीच्या अगदी तोंडाशी, ओल्या चिखलात उतरलं. पुतळीचा जीव राहीना. तिने अशाच तोंडात आई जाताना पाहिली होती. ती शांतीला म्हणाली, "तुझा घो जिथं हाय ती जागा बरी नाय गो. बाहुली सोडाया पायजे. पीठ मी घरी मळते. झगा तू आन. जगनच्या अंगणात दोरीवर गुलाबी झगा हाय, तो उचल नि इथं येऊन बस. कुनी काय इचारलं तरी बोलू नको. बाहुली पान्यात जाईपर्यंत बोलायचं नाय. बोललीस तर खांड पुना फुटल."

"आन् मग हे?" शांतीने पोकलेनकडे बोट दाखवलं.

"म्हनून तर सांगते, बोलू नको."

मित्रांनो, पुतळीच्या मनात पाप नव्हतं. पण आपण पाऊणशे वर्षं गायलेलं गाणं गावात कुठवर मुरलंय, हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर काय फिरत होतं तेही माहीत नव्हतं. नव्या पुलाच्या पायात घालायला पोरं पळवणारी टोळी पेणच्या रामवाडीपर्यंत आली आहे, टोळीत बायका आहेत, त्या बोलत नाहीत. असा तो निरोप होता. तेच जुनं बीज, फक्त फोनवर उगवलेलं.

दुपारी शांती गुलाबी झगा पदराखाली घेऊन आली आणि माझ्यावर बसली. त्याच सुमारास जगनच्या लक्षात आलं की त्याची पाच वर्षांची मुलगी समीक्षा घरात नाही. अंगणात नाही. दोरीवर तिचा झगाही नाही.

ते तीसेक जण आले. पुढे जगन, मागे गावातली दोन पोरं: अक्षय हातात बांबू घेऊन, सुजय फोन उंच धरून. जगनने पदर ओढला आणि झगा खाली पडला.

"माझी पोर कुठं हाय?"

शांतीने त्याच्याकडे पाहिलं. मग पोकलेनकडे पाहिलं. इंजिनाच्या घरघरीत आदर्शला इकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. तिने ओठ मिटून घेतले.

"बोल गो! पोर कुठं हाय?"

पहिली थप्पड बसली तेव्हा ती माझ्यावरून खाली पडली. केसांना धरून तिला उठवली. तिने हात जोडले, मान हलवली, खांडीकडे बोट दाखवलं. तो खांडीकडचा हात बघून जमावातून एक बाई किंचाळली, "खांडीत टाकली! पोरीला खांडीत टाकली!" मग काय विचारता. अक्षयचा बांबू तिच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. कुणी लाथ घातली, कुणी चप्पल. ज्यांना जवळ जाता येत नव्हतं ते चिखलाच्या ढेपा मारत होते. तिने डोकं वाचवायला डावा हात माझ्यावर टेकला आणि अक्षयने त्यावर बांबू घातला. हाड मोडल्याचा आवाज मला अंगातून ऐकू आला. तिच्या कपाळातलं रक्त माझ्या खाचेत भरलं. आणि मित्रांनो, ती बोलली नाही. तोंडात पदर कोंबून ती पोकलेनकडे बघत राहिली. मला वाचा असती तर मी त्या क्षणी गाव गोळा केलं असतं; पण गाव तर तिथंच होतं.

"चोराच्या तोंडाला कुलूप," कुणीतरी म्हणालं. मग जनू पुढे आला. सत्तरीचा माणूस, पुतळीच्या गाण्याला ढोलकी धरणारा. तो ओरडत नव्हता, समजूतदारपणे बोलत होता. "बांधाला बाई लागते. गान्यातच हाय. हिनं आपली पोर दिली, आपन हिला देऊ. बांधपन राहील."

कुणी नको म्हणालं नाही. दोघांनी तिचे पाय धरले, जगनने केस धरले आणि ते तिला खांडीकडे ओढू लागले.

तेवढ्यात मला काठीचा आवाज आला. नमिताच्या फोनवर शांतीचा फोटो आला होता, 'पोरधरी सापडली.' तो बघताच पुतळी पिठाचे हात तसेच घेऊन नमिताबरोबर निघाली होती. त्या निसरड्या बांधावर दोनदा पडली. चिखलाने भरलेली, धापा टाकत ती आली तेव्हा लोकांनी वाट दिली. हौसाची लेक आली, ती काय सांगेल ते देवीचंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सुजयने फोन तिच्याकडे वळवला.

"सोडा तिला," पुतळी म्हणाली. "झगा मी मागवला. बाहुलीला. हे बघा पीठ. बोलू नको हे मीच सांगलं तिला."

जगनचा हात सैल झाला, पण सुटला नाही. "मग माझी पोर कुठं हाय?"

"मना म्हाईत नाय. हिलापन म्हाईत नाय."

"पुतळे," जनू म्हणाला, "तुझी आयस आपल्या पायानं गेली. म्हनून हा बांध राहिला. तूच गातेस ना?"

पुतळी माझ्यावर बसली. सहा वर्षांची असताना ज्या फळीवर उभी होती त्याच फळीवर. मला वाटलं, ही आता गप्प बसणार. आयुष्यभराचा मान, तो पहिला नारळ, ते गाणं, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

"माझी आयस गेली नाय," ती म्हणाली. "घसरली. छातीपतुर गाडली गेली. हात वर केला होता तिनं. मी इथं उभी होते. जगन, तुझा पणजा बाबाजी बोलला, थांबू नका, टाका माती. जनू, तुझा बापूस उतरत होता तिला काढाया. तो थांबला. पयली ढेप त्यानंच टाकली. हात दिसत होता तवर समद्यांनी टाकली. देवी कुनाच्या सपनात आली नव्हती. कुनी काय मागलं नव्हतं. मी खोटं गानं गायले. पाऊनशे वर्षं गायले. खरं बोलले असते तर मना कुनी जेवाया घातलं असतं?"

जनू खाली बसला. जगनने हातातले केस सोडले.

पुतळी गुडघे वाकत नसताना खाली टेकली आणि शांतीचं डोकं मांडीवर घेतलं. "बोल गो बाय. आता बोल. काय व्हत नाय. ते समदं खोटं होतं."

शांतीने तोंडातला पदर काढला. ओठ फाटले होते. ती कुजबुजली, "आधी त्यांना मशीनीतून खाली उतरवा."

नमिता धावत गेली. हात हलवून, ओरडून तिने आदर्शला खाली बोलावलं. तो उतरून कोरड्या जमिनीवर आला, तिथून त्याने बायकोला पाहिलं. आणि तो कोरड्यावर आला हे दिसल्यावर मगच शांती किंचाळली. इतका वेळ दाबून ठेवलेली सगळी किंकाळी तिने तेव्हा बाहेर काढली. पोकलेन जिथल्या तिथे उभं होतं. खांड तेवढीच होती.

समीक्षा सापडली ती शेजारच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगावर झोपलेली. ओरडण्याने जागी झाली आणि डोळे चोळत चुलतीचं बोट धरून बांधावर आली. बापाच्या शर्टावरचं रक्त बघून तिने विचारलं, "बाबा, तुला लागलं?" जगन तिच्याकडे गेला नाही. उलटा फिरून चिखलात ओकला.

शांतीला पेणला नेलं. हात प्लेट घालून जोडला, पण डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. जगन, अक्षय आणि आणखी चौघांवर केस झाली. सुजयने घेतलेला व्हिडिओच पुरावा ठरला, त्याच्यात तोही ओरडताना ऐकू येतो. आदर्श-शांती हिंगोलीला परत गेले. जाताना शांती पुतळीला भेटली नाही. का भेटावं? खांड दुसऱ्या ऑपरेटरने दगड-मातीने बुजवली. बाहुली सोडली नाही. उधाणं येऊन गेली, बांध उभा आहे.

गावात पुतळीशी पुष्कळ जण बोलत नाहीत. आमच्या वाडवडलांना खुनी ठरवलं म्हणतात. या जत्रेत नारळ दुसऱ्या कुणी वाढवला. ती मात्र अजून येते, माझ्यावर बसते, आणि कधी कधी समीक्षा तिच्या मागे मागे येते. जगनची बायको तिला अडवत नाही. परवा पुतळीने तिला हौसाची गोष्ट सांगितली. चाल लावून नाही, साधी, जशी घडली तशी. पोर पाय हलवत ऐकत होती. टाचा माझ्यावर आपटत होत्या, नेमक्या शांतीच्या रक्ताच्या काळ्या डागावर.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू काहीतरी मागते. मला छप्पर नको, रंग नको, संग्रहालय तर नकोच. हवं तर सरपणाला न्या, साग आहे, छान जळेल. फक्त कुणी तुम्हाला सांगितलं की अमकी बाई आपणहून बळी गेली, तर तेव्हा काठावर कोण कोण उभं होतं ते विचारा. गोष्ट कितीही जुनी असो, कितीही देशांतून आलेली असो, विचारा.

समीक्षाने विचारलंच.

"आजी, तिचा हात दिसत होता ना?"

"व्हय."

"मग माती टाकनं थांबवायचं होतं ना?"

पुतळीने खांडीच्या बुजलेल्या जागेकडे पाहिलं.

"व्हय गो बाय," ती म्हणाली. "थांबवायचं होतं."